झाकणावर विश्वास ठेवू नये

माझ्याकडे १९९२ सालची एमएम ५४० जीप आहे. पन्नाशीत माझे खांदे कुरकुरायला लागले, त्यात मी ३१ इंची टायर चढवले आणि बिनपॉवरच्या स्टिअरिंगनं गल्लीत जीप वळवणं म्हणजे तालमीत उतरणं झालं. मग स्टिअरिंग बॉक्स भंगारात निघालेल्या एका एसयूव्हीचा, पंप दुसऱ्याच डिझेल गाडीचा, तेलाचा डबा तिसरीचा आणि हाय-प्रेशर होज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रिम्प करून घेतलेला, अशी चार घरची सोयरीक जमवली. यात तेल कुठलं घालायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. तो सगळ्यात आधी यायला हवा होता. गेल्या सात-आठ वर्षांत, बरेचसे पैसे घालवून, जे कळलं ते असं.

१. तेल गाडीचं नसतं, पंपाचं आणि बॉक्सचं असतं.

कंपनीतून आली तशीच गाडी असेल तर प्रश्नच नाही, मॅन्युअल उघडायचं. माझ्या जीपच्या मॅन्युअलमध्ये पॉवर स्टिअरिंग हा शब्दच नाही. मग मी डब्याचं झाकण वाचलं. त्यावर ठसठशीत अक्षरांत एका जपानी कंपनीचं फर्मान होतं : आमचंच फ्लुइड वापरा. ते फ्लुइड मी तीन आठवडे शोधलं. शेवटी होज बसवणाऱ्या पोरानं विचारलं, "सर, हा डबा ज्या गाडीचा, तिचा पंप हाय का तुमच्याकडं?" नव्हता. डबा म्हणजे प्लास्टिकचं भांडं, त्याला तेलाचं सोयरसुतक नाही. सोयरसुतक असतं ते पंपाच्या पात्यांना आणि बॉक्सच्या रबरी सीलांना.

तेव्हा पंपावरचा नंबर घासून वाचावा, पंप मूळ कुठल्या गाडीत होता ते काढावं, आणि त्या गाडीला कुठलं तेल लागतं ते पाहावं. बॉक्सचंही तेच. माझ्याकडे दोघांचंही उत्तर एकच निघालं, डेक्सरॉन जातीचं एटीएफ. म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल तेल. हे नशीब. प्रत्येकाचं असं होत नाही. होंडाच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांना कंपनीचं स्वतःचं फ्लुइड लागतं, तर कित्येक जर्मन गाड्यांत हिरवं सिंथेटिक तेल असतं. पंप एक तेल मागतोय आणि बॉक्स दुसरं, अशी पत्रिका जुळत नसेल तर दोन्ही तेलं अर्धी-अर्धी मिसळून जुळवू नये. पंप बदलावा.

२. ट्रॅक्टरचं तेल ट्रॅक्टरला.

आमच्याकडे उसाचा पट्टा. कुठल्याही शेडमध्ये हात घातला तर हायड्रॉलिक तेलाचा कॅन हाताला लागतो. झाकणाचा घोळ मिटायच्या आधी आमच्या मिस्त्रींनी तोच आणला. "सर, या तेलावर भरलेली ट्रॉली उचलतीया, तुमच्या दोन चाकांचं काय घिऊन बसलाय?" युक्तिवाद बिनतोड वाटला. तेल ६८ ग्रेडचं होतं. हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती, त्याचं माप. त्याच तापमानाला एटीएफ साधारण निम्मंच दाट असतं. पण हे मला कुणी तेव्हा सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका पहाटे गगनबावड्याला जीप सुरू केली तर पंप कण्हायला लागला आणि स्टिअरिंग काकवीत पळी फिरवावी तसं फिरू लागलं. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं सुरळीत. हेच फसवं असतं. तेल तापून पातळ झालं की तक्रार थांबते आणि आपणही ती विसरतो. पण दाट तेल पंपाला पुरेसं ओढता येत नाही. ओढण्याच्या बाजूला पोकळ्या तयार होतात, त्या दाबाखाली फुटतात आणि प्रत्येक वेळी पात्यांचा नि रिंगचा थोडा धातू खातात. त्या हिवाळ्यानंतर पंप उघडला तेव्हा आतली रिंग बोटाला खरखरीत लागत होती.

मिस्त्रींशी मी भांडलो नाही. त्यांच्या ट्रॅक्टरला ते तेल खरोखरच चांगलं आहे.

३. लाल रंग बघून बाटली उचलू नये.

दुकानात "एटीएफ द्या" म्हटलं की पाच प्रकारच्या लाल बाटल्या समोर येतात. रंग हा नुसता रंग असतो. गळती कुठल्या तेलाची आहे हे ओळखायला त्याचा उपयोग. वाचायचा तो मागच्या बाजूचा दर्जा. जनरल मोटर्सनं १९४९ मध्ये टाइप ए हे एटीएफ आणलं, आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पिरियलमधून पॉवर स्टिअरिंग बाजारात आलं; कित्येक गाड्यांत त्यालाही एटीएफच घालू लागले. पुढे १९६७ मध्ये डेक्सरॉन नाव आलं. त्या सुरुवातीच्या एटीएफमध्ये चक्क स्पर्म व्हेलचं तेल असायचं. अमेरिकेत त्याच्यावर बंदी आली आणि नवं सूत्र शोधावं लागलं. (माझी जीप तेव्हा जन्मायची होती, तरी हे वाचल्यापासून मला उगाच अपराधी वाटतं.) १९९३ मध्ये डेक्सरॉन ३ आलं, २००५ मध्ये ६. सहा नंबरचं तेल नवं असताना तिनापेक्षा पातळ असतं. आकडा मोठा म्हणून ते घ्यावंसं वाटतं, पण माझा पंप म्हातारा, आतून सैल झालेला. त्याला मी तिसऱ्याच्या दर्जाचंच तेल देतो.

४. ब्रेक ऑइल कधीच नाही.

एकदा हायवेवर डब्यातली पातळी खाली गेलेली दिसली आणि एका पंक्चरवाल्यानं सद्भावनेनं पावशेर ब्रेक ऑइल ओतलं. ते ग्लायकॉलचं असतं, स्टिअरिंगचे सील खनिज तेलासाठी बनलेले. सील फुगले, मऊ पडले आणि पंधरा दिवसांत बॉक्स सगळीकडून पाझरू लागला. पूर्ण सील किट बदललं.

५. टायर मोठे केले की तेलाचं आयुष्य छोटं होतं.

रुंद टायर आणि खडकाळ चढ, म्हणजे गाडी मुंगीच्या चालीनं आणि स्टिअरिंग मात्र सारखं या टोकाला त्या टोकाला. फुल लॉकला चाक धरून ठेवलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल तिथल्या तिथे फिरत राहतं आणि सगळी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. म्हणून लॉकला चार-पाच सेकंदांच्या वर दाबून धरायचं नाही. पावसाळ्यातल्या दोन चिखल-सहलींनंतर माझं लाल तेल तपकिरी झालं, वास करपलेल्या फोडणीसारखा. महागडं तेल घेऊन पाहिलं; तेही करपलं, फक्त जरा उशिरा. मग परतीच्या नळीवर पट्ट्यांचा छोटा कूलर रेडिएटरपुढं बसवला आणि होज सायलेन्सरपासून वीतभर लांब नेला. आता तेच साधं तेल दोन पावसाळे टिकतं.

टायर नि फेरफारांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय सांगतं, ते मात्र आधी आरटीओत विचारावं. आधी, चढवल्यावर नव्हे.

६. तेल घालणं निम्मं काम, हवा काढणं निम्मं.

पुढची चाकं जॅकवर. इंजिन बंद. कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला बसवायचं आणि आपण डब्यावर लक्ष ठेवून तेल भरत राहायचं. पातळी खाली जायची थांबली की मगच इंजिन. घाई केली तर तेलाचा गुलाबी मिल्कशेक होतो आणि तो निवळेपर्यंत रात्रभर वाट बघावी लागते. आमच्याकडे स्टिअरिंगवर मुलगी बसते. ती मोबाइल बघत फिरवते, त्यामुळे आपोआप सावकाश फिरतं.

डब्याच्या झाकणावरचं ते जपानी फर्मान मी नंतर पॉलिश पेपरनं घासून काढलं आणि पांढऱ्या ऑइल पेंटनं "डेक्सरॉन ३" लिहिलं. परवा एका गॅरेजात नव्या पोरानं बॉनेट उघडलं, झाकण वाचलं आणि विचारलं, "काका, ही डेक्सरॉन कंपनीची गाडी इकडं कुठं मिळाली?"