वऱ्हाडची शेती आणि कृषी पदवीचा अभ्यासक्रम

महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठाचे विभाजन होऊन २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. देशाचे कृषिमंत्री राहिलेले अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला देण्यात आले. विदर्भातील अकरा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. मात्र पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा अकोल्यात ठरत नाही. तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार सर्व देशासाठी तयार होतो. मग पूर्णाकाठच्या शेतकऱ्याला हवे असलेले कौशल्य त्यात यावे कसे?

यासाठी प्रथम ही गरज कोणती, हे पाहिले पाहिजे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील काळ्या चिकण जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने निचरा मंद होतो आणि विहिरीचे पाणीही खारट लागते. ते पाणी पिकास दिल्यास जमीन अधिकच बिघडते. म्हणजे अन्यत्र लाभदायक ठरणारा ‘विहीर खोदा, ओलीत करा’ हा सल्ला येथे घातक ठरतो. येथे माती व पाणी तपासता येणारा, जिप्समची मात्रा त्या तपासणीवरून काढणारा आणि शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी कपाशी-हरभऱ्याला कधी द्यावे हे सांगू शकणारा पदवीधर हवा.

थोडे उत्तरेस, वरूड-मोर्शी भागात, प्रश्न निराळा आहे. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत रंगपूर लिंबू अथवा जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधणारे कारागीर या कामात वाकबगार आहेत. त्यांच्यापुढे विद्यार्थ्याने शिकवणाऱ्याच्या थाटात उभे राहू नये; चाकू हाती घेऊन शिकावे हेच इष्ट. मात्र डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर का बांधावा, मातीतील बुरशीमुळे डिंक्या रोग कसा होतो, हे शास्त्र त्याने त्यांना अवश्य सांगावे. अशी देवाणघेवाण घडली तरच पदवीला अर्थ.

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात चौथे वर्ष अशा प्रत्यक्ष कामासाठीच राखले होते. सातव्या सत्रातील २० आठवड्यांपैकी ८ आठवडे खेड्यात, २ आठवडे वनस्पती चिकित्सालयात व ३ आठवडे कृषी उद्योगात घालवावयाचे, आणि आठव्या सत्रात विद्यार्थ्याने अनुभवाधारित शिक्षणाचे दोन घटक निवडावयाचे, अशी ती योजना होती. बीजोत्पादन, माती-पाणी परीक्षण, जैविक निविष्ठा, अन्नप्रक्रिया हे त्यातील काही घटक. खेड्यात राहणाऱ्या या विद्यार्थ्यांना लोक कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. आराखडा देशाचा असला तरी गाव, उद्योग व घटक कोणते निवडावे हे ठरविताना महाविद्यालयाला वाव मिळतो. स्थानिक गरज अभ्यासक्रमात शिरते ती याच दारातून. सोयीचे, रस्त्यालगतचे गाव निवडले तर हे दार बंद राहते.

अकोल्यातील डाळ गिरण्या हे याचे उत्तम उदाहरण. तूर पिकविणारा शेतकरी ती बाजारात विकून घरी विकतची डाळ आणतो. हा तोटा टळावा म्हणून विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली. परंतु नुसते यंत्र घेऊन डाळ होत नाही. तुरीची प्रतवारी, तेल-पाण्याचा हात, उन्हात वाळविणे, मग एमरीच्या रुळावर टरफल काढणे, या प्रत्येक पायरीवर चूक झाली की चुरी वाढते व डाळीचा उतारा घटतो. गावात ती गिरणी चालवून हिशेब मांडलेला विद्यार्थी पुढे बचत गटाला उपयोगी पडतो.

कौशल्याच्या अभावाची सर्वांत जबर किंमत वऱ्हाडाने २०१७ च्या खरिपात मोजली. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, एकात एक औषधे मिसळलेली, आणि कोणते औषध किती घ्यावे याचा सल्ला बहुधा दुकानदाराचा. म्हणून शिक्षणाची गरज पदवीधरापुरती मर्यादित नाही. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला नोझल, वाऱ्याची दिशा व लेबलावरील रंगीत चौकोन समजले पाहिजेत. दुकानदारांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ मध्ये ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस वर्ग भरत असल्याने दुकान बंद ठेवावे लागत नाही. मजुराला मात्र त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. त्याचा वर्ग धुऱ्यावरच भरविला पाहिजे.

सहाव्या अधिष्ठाता समितीचा आराखडा २०२४-२५ पासून आला. त्यानुसार पहिल्या वर्षानंतर १० आठवड्यांचे प्रत्यक्ष काम करून प्रमाणपत्र, तर दुसऱ्या वर्षानंतर तसेच काम करून पदविका घेऊन बाहेर पडता येते. घरच्या वावराची ओढ असलेल्या वा शुल्क न परवडणाऱ्या मुलामुलींना ही सोय उपयोगी आहे. ते दहा आठवडे कचेरीच्या टेबलाशी काढावयाचे, की खारपाणपट्ट्यातल्या शेततळ्यावर आणि डाळ गिरणीत, हे ठरविणे महाविद्यालयाच्या हाती आहे.