मालट्रकवरून पडून होणाऱ्या दुखापती : प्रतिबंध आणि कायदा

मालट्रकचालकाच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा रस्ते अपघातांपुरताच केला जातो. परंतु उभ्या ट्रकवर माल बांधताना वा ताडपत्री ओढताना चालक किंवा क्लीनर खाली पडला, तर ती कामाच्या ओघात झालेली दुखापत असते. तिचे स्वरूप, प्रतिबंध व भरपाई यांचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

कारणे : ताडपत्री पसरण्यासाठी मालाच्या माथ्यावर चढावे लागते. तेथे धरण्यास कठडा नसतो. पायाखालची पोती सरकतात, पावसाने ताडपत्री निसरडी होते, तर दोर ताणताना तो तुटल्यास किंवा गाठ सुटल्यास तोल मागे जातो. चाकावर वा फाळक्यावर पाय देऊन चढउतार करणे हेही एक कारण होय. 3 मीटर उंचीवरून पडणारी व्यक्ती ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते.

प्रतिबंध : उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम, वर चढण्याची गरजच टाळावी; जमिनीवरून ओढता येणारे आच्छादन व आवळता येणारे पट्टे वापरावेत. ते शक्य नसल्यास माल भरण्याच्या ठिकाणी कठड्याचा फलाट व शिडी असावी. सुरक्षा पट्टा व शिरस्त्राण हे अखेरचे उपाय होत.

कायदेशीर तरतुदी : मोटार वाहतूक कामगार अधिनियम, 1961 हा 5 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये 13 कायदे एकत्रित झाले असून, मोटार वाहतूक आस्थापनांसाठी ही मर्यादा 10 कामगारांची आहे. एक-दोन ट्रक बाळगणारे असंख्य मालक त्यामुळे या संहितेच्या कक्षेबाहेर राहतात. नुकसानभरपाईची बाब वेगळी आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 मधील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये समाविष्ट आहेत. त्यांना कामगारसंख्येची अशी अट नाही. एकाच चालकाचा मालकही भरपाईस बांधील असतो.

स्वतःचा ट्रक स्वतः चालविणाऱ्यास मात्र मालकच नसल्याने हे संरक्षणही मिळत नाही. वार्षिक 20 रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण देते. परंतु विमा पडणे थांबवीत नाही. सारांश, भरपाईचा कायदा लहान मालकापर्यंत पोहोचला आहे, प्रतिबंधाचा कायदा अद्याप पोहोचावयाचा आहे.