प्रकाशाने ध्वनी टिपण्याची विद्या आणि खानदेशातील विद्यार्थी

जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांतून जे सोनोग्राफी यंत्र नित्य वापरले जाते, त्याच्या अंगावरून फिरविण्याच्या भागात, दाब पडताच विद्युत् उत्पन्न करणारे स्फटिक बसविलेले असतात, आणि शरीरातून परतणारा श्राव्यातीत ध्वनी तेच टिपतात. पाच मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी शरीरात सुमारे 0.3 मिलिमीटर भरते, आणि त्याहून फार बारीक तपशील चित्रात उमटत नाही. वारंवारता वाढविली तर तपशील सूक्ष्म होतो खरा, परंतु तेवढ्यासाठी स्फटिक लहान करावा, तर त्याची संवेदनक्षमताच उणावते. म्हणून शास्त्रज्ञांनी हे काम प्रकाशाकडे सोपविले. दोन सूक्ष्म आरशांमधील पारदर्शक थर ध्वनीच्या दाबाने अणुमात्र आकसला, की त्यावरून परावर्तित होणाऱ्या लेसरच्या तीव्रतेत फरक पडतो, आणि तो फरक मोजून ध्वनीचा माग काढता येतो. 2020 साली म्युनिकच्या संशोधकांनी सिलिकॉनवर घडविलेला असा एक संवेदक अवघा 220 गुणिले 500 नॅनोमीटरचा, म्हणजे रक्तपेशीहूनही कितीतरी लहान होता.

या विद्येचे बीज आपल्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातच आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात, चल सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून न्यूटनची वलये मोजणारा विद्यार्थी भिंगावर बोटाचा किंचित दाब देईल, तर ती वलये त्याच्या देखत सरकतील. दाबाने अंतर बदलते आणि अंतराने प्रकाश बदलतो, हेच ते तत्त्व. गुणांसाठी निरीक्षणे वहीत उतरवून घेणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. ध्वनी आणि प्रकाश यांच्या या संबंधावर आपल्या देशातच, 1935-36 साली बंगळूरास रामन आणि नागेंद्रनाथ यांनी मूलभूत सिद्धान्त मांडला होता.

पालकांचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ही विद्या म्हणजे सोनोग्राफी केंद्र उघडण्याचा मार्ग नव्हे. 1994 च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्यान्वये त्या यंत्रांची नोंदणी सक्तीची असून ती चालविण्याचा अधिकार पात्र डॉक्टरांपुरता मर्यादित आहे. हे क्षेत्र यंत्र घडविणाऱ्याचे आहे. त्यासाठी बारावीला गणित सोडू नये. पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी, अथवा गावातच भौतिकीची पदवी घेऊन जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात एम.एस्सी. करावी आणि त्यानंतर नेट किंवा गेट परीक्षा देऊन पीएच.डी.कडे वळावे. अभियांत्रिकीकडे ओढा असणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक्स निवडावे, कारण क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढणे हे या कामाचे अर्धे अंग आहे.

वेळ मात्र लागतो, आणि केळीच्या एका हंगामाच्या भावावर ज्या घराचा सारा जमाखर्च अवलंबून, त्या घराने तो आधीच हिशेबात धरावा. पीएच.डी. हाती येईतो मुलाचे अथवा मुलीचे वय अठ्ठाविसाच्या आसपास जाते. तथापि नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, तेव्हा तेथून पुढे घरच्या तिजोरीवर भार राहत नाही. जिला एवढे थांबणे शक्य नसेल, तिला धातूतील व विमानाच्या भागांतील दोष लेसर आणि श्राव्यातीत ध्वनीने शोधण्याच्या औद्योगिक तपासणीचे कामही याच पायावर शिकता येईल. आणि नेमणुकीसाठी मुंबईकडेच पाहावे असेही नाही: धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्याने मुंबईपेक्षा इंदूर जवळ पडते, व तेथे 1984 साली स्थापन झालेले अणुऊर्जा खात्याचे राजा रामण्णा केंद्र लेसरवरही संशोधन करीत आहे.