दुसरी प्रत कुठं आहे?

मिरज

चि. मनूस,


परवा शकूमावशींकडे सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद हातावर पडतोय तोवर तुझी आई म्हणाली, "मनीचा लॅपटॉप निळा पडलाय म्हणे, कसलासा नंबर मागतोय. नेटवरनं कुणाचा तरी फोन शोधला, तो बाबा तासभर काय काय करायला सांगत होता." पुढं काय झालं विचारलं तर वहिनींना ठाऊक नाही. त्यांना शिऱ्यात केळं जास्त झाल्याची चिंता. तुला फोन केला तर तू म्हणालीस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे, सगळं ठीक आहे." ठीक म्हणजे काय ठीक? माझ्या आईच्या ओव्या त्याच लॅपटॉपवर आहेत ना? अण्णांच्या वह्यांचे तू काढलेले फोटोही? त्यांची दुसरी प्रत कुठं आहे?

फोनवर तू मला गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसले. थोडी रागावलेय, तेवढं चालवून घे.

आधी त्या निळ्या पडद्याचं. वहिनींच्या सांगण्यावरून तरी तो व्हायरस वाटत नाही. नव्या विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. बिटलॉकर म्हणतात तो हाच प्रकार. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण एखाद्या अपडेटनंतर, किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की मशीनला मालकाबद्दलच शंका येते आणि ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली कुठल्या हेल्पलाइनवाल्याकडे नसते, तुझ्याच अकाउंटमध्ये असते. मोबाइलवरून त्याच अकाउंटात शिर, उपकरणांच्या यादीत तुझा लॅपटॉप शोध, तिथं रिकव्हरी की दिसेल. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक येतो, तो यादीतल्या क्रमांकाशी ताडून बघ, म्हणजे जुन्या मशीनची किल्ली घालत बसणार नाहीस.

आता खरी धास्ती सांगते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं "मी सगळं सेट करून देतो मॅडम" म्हणत तो चालू करून दिला होता. मी शेजारीच उभी होते. त्यानं अकाउंट कुणाच्या ईमेलवर काढलं? तुझ्या, की दुकानाच्या कामचलाऊ पत्त्यावर? असं सर्रास चालतं. तसं असेल तर किल्ली दुकानाच्या खात्यात जाऊन बसलीय, आणि ती मिळाली नाही तर डिस्कवरचं काही परत येत नाही. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकता येतं, पण ओव्या नव्यानं टाकता येत नाहीत. आज ना उद्या तो पडदा पुन्हा येऊ शकतो, तेव्हा मशीन आत्ता चालू असेल तर सेटिंग्जमध्ये बघ, अकाउंट कुणाचं आहे ते. तुझं नसेल तर तुझं घाल, ती किल्ली खात्यात उतरलीय याची खात्री कर, आणि कागदावर लिहून कपाटात ठेव. कागदाला हसू नकोस. माझे पासवर्डही एका लाल वहीत आहेत. चोर घरात शिरला तर दागिने शोधील, माझी वही वाचत बसणार नाही.

त्या फोनवाल्याबद्दल बोलावंच लागेल. मनू, गूगलवर हेल्पलाइन शोधून मिळालेला पहिला नंबर कधी फिरवू नये गं. तिथं कुणीही आपला नंबर टाकू शकतं. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधी नसतोच. पडद्यावर फोन नंबर दिसला की समजावं, लबाडी आहे. कधी अख्खा पडदा व्यापून भोंगा वाजायला लागतो, माऊस हलत नाहीसं वाटतं. ते बहुधा नुसतं ब्राउझरमधलं पान असतं. एस्केप दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर काढून ब्राउझर बंद करायचा. त्या माणसानं एनीडेस्कसारखं काही टाकायला लावलं का? लावलं असेल तर आधी वायफाय बंद कर, ते काढून टाक, आणि बँकेचे नि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल. खात्यातनं पैसे गेले असतील तर तडक १९३०ला फोन लाव, बँकेलाही कळव. तिथं जितका उशीर तितकं हातातनं जातं. आणि लाजून गप्प बसू नकोस. पैसे गेले तर कमावता येतील. मला विचारशील तर त्या माणसानं पैसे नेले असते तरी मी इतकी अस्वस्थ झाले नसते.

पुन्हा तिथंच येते. दुसरी प्रत कुठं आहे?

तू म्हणशील, "आत्या, सगळं गूगल ड्राइव्हवर सिंक आहे." आरशात दुसरा दिवा दिसला म्हणून घरात दोन दिवे होत नाहीत. सिंकमध्ये लॅपटॉपवरची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. ट्रॅशमध्ये महिनाभर राहते, मग संपलं. शिवाय फुकटची जागा १५ जीबी, त्यात तुझे मेल आणि फोटो. जागा भरली की सिंक थांबतं, आणि एक बारीकशी पिवळी सूचना येते, ती तू वाचत नाहीस हे मला माहीत आहे. ड्राइव्ह असू दे, पण तेवढ्यावर विसंबू नकोस.

एक एक्सटर्नल हार्डडिस्क घे. ओव्या आणि वह्यांचं फोल्डर तिच्यावर उतरव आणि डिस्क काढून ठेव. लावून ठेवली तर वीज कडाडली किंवा खंडणीवालं सॉफ्टवेअर शिरलं की दोन्ही एकदमच जातात. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं होतं, त्यानं जोडलेल्या डिस्कसुद्धा सोडल्या नाहीत. प्रत काढली की तिच्यातली एखादी ओवी उघडून ऐक. फोल्डरचं नाव दिसतं म्हणजे आतलं वाजतं असं नाही. पेनड्राइव्ह नेण्याआणण्यापुरता बरा, वर्षानुवर्षं ठेवायला नको. आणि तुझ्या लॅपटॉपात एसएसडी आहे. जुनी डिस्क मरायच्या आधी टकटक तरी करायची, ही काही न बोलता जाते.

मी हे इतकं का धरून बसलेय, ते तुला अर्धवट ठाऊक आहे. अण्णा गेले त्याच्या आधी त्यांच्या आठवणी मी टाइप करत असे. ऑफिसातल्या सगळ्यांना एमएस-सीआयटी करायला लावलं होतं, माझ्या अंगात नवा उत्साह होता. ते अंगणातल्या खुर्चीत बसून सांगायचे, बेचाळीसच्या दिवसांचं, विहीर खणल्याचं, आणि मी संध्याकाळी बडवत बसायचे. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत आलं नव्हतं. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की 'विहीर' जाऊन तिथं इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते. फाइली फ्लॉपीवर. काही फ्लॉप्यांना बुरशी लागली, ज्या वाचल्या त्यांत ती खिचडी. तसले फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आता मिळतात, त्यातनं थोडी पानं सुटली, बाकीची नाहीत. अण्णांनी तेव्हा विचारलंही होतं, "हे कागदावर काढणार ना?" मी म्हटलं होतं, कागद कशाला? तिशीतली मी, मला वाटायचं कागद म्हणजे मागासलेपणा. एक रिम आणि शाईचं एक काडतूस, एवढाच खर्च होता गं.

आईच्या ओव्या तर कागदावरही येणार नाहीत, तिच्या गळ्यातच त्या होत्या. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या दारापर्यंत कुणी आलं नाही. तुझ्यामुळं त्या राहिल्या. मी तर पहाटे जातं घरघरलं की उशी कानावर घ्यायचे, कॉलेजच्या परीक्षा असायच्या. तू मात्र मोबाइल घेऊन तिच्या गुडघ्यापाशी बसलीस, सुट्टी काढून, उन्हाळ्यात. दादाला ते खूळ वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा वाटलंच होतं.

म्हणून रागावले. तुझ्यावर कमी आणि त्या दुकानातल्या पोरावर जास्त, आणि वहिनींच्या केळ्यावर.

शनिवारी दादा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर दोन हार्डडिस्क पाठवतेय, एक तुझ्याकडं ठेव, दुसरी भरून त्याच्याच हाती परत पाठव, ती माझ्या कपाटात राहील. पैशाचं काढू नकोस. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे, तिखट जपून घातलंय. आणि फायलींना नावं मराठीतच दे, गावाचं आणि महिन्याचं, विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो एकदा जोडलास की विंडोज-स्पेस दाबून बदलतो. 'रेकॉर्डिंग ००१७ फायनल' असलं काही मला पाठवू नकोस, माझ्यानंतर कुणाला कळायचं ते?

मागं म्हणाली होतीस, नीट कापून, मधलं बोलणं काढून एक स्वच्छ प्रत करायचीय म्हणून. कर. पण मूळची तशीच ठेव. ओवी विसरली की आई थांबते आणि तू हळूच म्हणतेस, "आजी, पुढं?", ती हसते आणि मग सापडते तिला. ते मला तसंच हवंय. बाकीच्यांना नको असेल तर नसू दे.

तुझी,
आत्या