इन्सुलिनची निर्मिती आणि संशोधनातील पूर्वग्रह

मधुमेहात गुण देणारे औषध ‘इन्सुलिन वाढविते’, असे विधान आपल्या चर्चांमध्ये सहज केले जाते. त्यास कोणता पुरावा लागतो, हे पाहण्याचा आम्ही प्रस्तुत लेखात प्रयत्न करीत आहोत.

निर्मिती व स्राव : इन्सुलिन हे पेप्टाइड वर्गातील संप्रेरक होय. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत प्रथम ११० अमिनो आम्लांची साखळी तयार होते. तिचे अग्र तुटल्यावर ८६ अमिनो आम्लांचे प्रोइन्सुलिन उरते. पुढे पेशीतील सूक्ष्म पिशव्यांत त्याचे छेदन होऊन ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन व ३१ अमिनो आम्लांचे सी-पेप्टाइड वेगळे होतात. उरलेली ४ गळून पडतात. ग्लुकोज पेशीत शिरले की ऊर्जाद्रव्य वाढते, पोटॅशियमचे मार्ग मिटतात, कॅल्शियम आत येते आणि पिशव्या रक्तात रित्या होतात. दोन्ही घटक समसंख्येने बाहेर पडतात. बरेचसे इन्सुलिन यकृतातच खर्ची पडते. सी-पेप्टाइड मात्र टिकते. म्हणून स्रावाचा अंदाज त्यावरून बांधतात. केवळ रक्तशर्करा उतरली म्हणजे स्राव वाढला, असे ठरत नाही.

विजयसाराचे उदाहरण : सुश्रुतोक्त सालसारादि गणातील असन, म्हणजेच विजयसार, आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९८ च्या निबंधानुसार नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची शर्करा १२ आठवड्यांत आटोक्यात आली. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा. परंतु ती चाचणी खुली होती, तुलनेस दुसरा गट नव्हता. निदान होताच रुग्ण पथ्य पाळू लागतो. शिवाय अत्युच्च आढळलेला आकडा पुढील तपासणीत आपोआपही काहीसा उतरतो. श्रेय औषधाचे किती, हे अशा चाचणीतून वेगळे काढता येत नाही. पुढे टॉल्ब्युटामाइडशी तुलना करणारी दुहेरी अंध चाचणी घेतली गेली, ती याचसाठी.

आपली नोंदवही : बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी गुण आलेला रुग्ण पुन्हा येतो, न आलेला नांदेडची वाट धरतो. परतलेल्यांचीच गणना केली, तर प्रत्येक योग यशस्वी ठरेल. यास्तव पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी, यशाचा निकष आधीच लिहून ठेवावा आणि सोडून गेलेल्यांचीही संख्या द्यावी. २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीचा हेतूही हाच आहे.

औषधी दुकानदारांस विनंती : मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात. तेथे स्राव वाढविण्यास काही उरत नाही. अशा रुग्णाने चूर्णाच्या भरवशावर इंजेक्शन थांबविल्यास काही दिवसांतच प्राण संकटात येतात. विजयसार देताना इंजेक्शन चालू आहे काय, हा एक प्रश्न अवश्य विचारावा आणि ते बंद करू नये, असे स्पष्ट सांगावे.