एकाच टोचणीत सगळे डोस?

प्रश्न : नातवाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचून आणले. तिन्ही डोस एकाच सुईत भरता येणार नाहीत का? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुमचा हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे छळतो आहे. साधी लस टोचल्यावर तिच्यातले प्रथिन थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जाते. लसिका ग्रंथींमधल्या पेशींना मात्र चांगली प्रतिपिंडे घडवायला काही आठवडे सराव लागतो. म्हणून पुन्हा टोचावे लागते.

यावर उपाय म्हणून पीएलजीए नावाचे पॉलिमर वापरून पाहिले जाते. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे काही टाके याच जातीचे. पीएलजीएतल्या दोन घटकांचे प्रमाण बदलले की विरघळण्याचा काळ बदलतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2017 मध्ये या पॉलिमरचे सूक्ष्म पेले बनवले, आत औषध भरले आणि वर झाकण बसवले. ठरलेल्या वेळी पेला फुटतो आणि डोस मोकळा होतो. कल्पना देखणी आहे! अडचण अशी, की 37 अंशांच्या उबेत महिनोन्‌महिने राहून नाजूक प्रथिन बिघडते. शिवाय पॉलिमर विरघळताना आम्ल तयार होते, तेही त्याला मारक.

शरीरात वापरता येणाऱ्या अशा पदार्थांचा, म्हणजे जैवपदार्थांचा, लशींमधला दुसरा उपयोग मात्र प्रत्यक्षात आला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-21 या मलेरियाच्या लशीत झाडाच्या सालीतले सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे नॅनोकण शरीराचा लशीला मिळणारा प्रतिसाद वाढवतात. तरीही तिचे अनेक डोस घ्यावेच लागतात.

तेव्हा नातवाचे लसीकरण कार्ड सांभाळा आणि पुढची तारीख चुकवू नका.