ओंडक्यांचे घर

इ. स. १८१६ सालचा हिवाळा. अमेरिकेतील ओहायो नदी ओलांडून टॉमस लिंकन नावाचा शेतकरी आपल्या कुटुंबासह इंडियानातील घनदाट अरण्यात येऊन पोहोचला. बरोबर पत्नी नॅन्सी, नऊ वर्षांची मुलगी सारा आणि सात वर्षांचा मुलगा अब्राहम. भोवती उंच वृक्ष आणि अस्वलांचा वावर. थंडीचा कडाका वाढण्यापूर्वी घर उभे करणे प्राप्त होते; आणि साधने म्हणजे अरण्यातील झाडे व हातातील कुऱ्हाड!

ओंडक्यांचे घर बांधण्यास आधी विचार करावा लागे. जागा थोडी उंच हवी, म्हणजे पाणी भिंतीशी साचत नाही. झाडे सरळ वाढलेली व सारख्या जाडीची हवीत. घराची लांबी ओंडक्याच्या लांबीवरून ठरे. फार लांब ओंडका थोड्या माणसांना उचलवत नसे. म्हणून असे घर बहुधा एका खोलीचेच असे.

पायाला सर्वांत जाड ओंडके घेत व त्यांखाली दगड ठेवीत, कारण मातीला टेकलेले लाकूड लवकर कुजते. कोपऱ्यांवर ओंडके एकमेकांत बसावेत म्हणून त्यांना खाचा पाडीत. ही खाच ओंडक्याच्या खालच्या अंगास असावी. वरच्या अंगास असली, तर तीत पावसाचे पाणी मुरते. एका ओंडक्याच्या जाड टोकावर दुसऱ्याचे बारीक टोक ठेवीत गेले, की भिंत समपातळीत चढते. खाचा नीट बसल्या, तर भिंतीला खिळ्यांची गरज पडत नसे. वरचे ओंडके चढवण्यास शेजारी धावून येत. आपल्याकडे शेतकरी सावडीने एकमेकांची कामे करतात, तशीच ही रीत होती.

ओंडक्यांमधील फटी लाकडाच्या ढलप्यांनी व ओल्या मातीने बुजवीत. परंतु कडाक्याच्या थंडीत ओली माती गोठते आणि मग गळून पडते. त्यामुळे ऐन हिवाळ्यात उभारलेल्या घरात गार वारा शिरे. लिंकन कुटुंबाच्या नव्या घराच्या भिंतीलाही फट होती. १८१७ च्या फेब्रुवारीत, अब्राहमला आठवे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस उरले असता, रानटर्की पक्ष्यांचा थवा घराजवळ आला. वडील बाहेर गेले होते. मुलाने आत उभे राहून त्या फटीतून बंदूक झाडली आणि एक पक्षी मारला. त्यानंतर याहून मोठ्या प्राण्यावर आपण कधीही बंदूक चालवली नाही, असे त्याने मोठेपणी, १८६० साली, लिहून ठेवले.

१८१८ साली नॅन्सी आजारी पडून वारली. पुढच्या वर्षी मुलांची सावत्र आई सारा घरात आली, तेव्हा पायाखाली नुसती माती होती. तिने पतीकडून फळ्यांची जमीन करवून घेतली. आईविना पोरक्या झालेल्या मुलांवर तिने माया केली, आणि त्या घराला पुन्हा घरपण आले.

इंडियानात आल्याबरोबर अब्राहमच्या हाती कुऱ्हाड देण्यात आली होती. ती तो बाविशी उलटेपर्यंत चालवीत राहिला. १८३० साली कुटुंब इलिनॉयमध्ये गेले, तेव्हा एकवीस वर्षांच्या अब्राहमने वडिलांबरोबर नवे ओंडक्यांचे घर बांधले आणि दहा एकर शेताच्या कुंपणाची लाकडेही फोडली. हाच अब्राहम लिंकन १८६१ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

इंडियानातील ते घर आज उरलेले नाही. मात्र त्या जागी घराच्या पायाचे ओंडके व चुलीची जागा ब्राँझमध्ये घडवून ठेवली आहे. ती पाहणाऱ्यास, किती थोड्या जागेत एका थोर पुरुषाचे बालपण गेले, हे कळून येते.

स्वाध्याय
१. ओंडक्याची खाच खालच्या अंगास का पाडीत?
२. हिवाळ्यात बांधलेल्या घरात फटी का राहत?
३. तुमच्या गावातील जुने घर पाहा. ते कशाचे व कसे बांधले आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.